धातूचा शेजार

फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर बुडालेली जहाजं शोधणाऱ्या काही बोटींच्या मागच्या बाजूला काटकोनात वाकवलेली दोन जाड नळकांडी असतात. प्रवासात ती बिजागऱ्यांवर वर उचलून ठेवलेली असतात. कामाच्या जागी पोचल्यावर बोट तीन-चार नांगरांवर ताणून धरतात, नळकांडी खाली सोडून पंख्यांच्या मागे बसवतात आणि इंजिन चालू करतात. पंख्यानं मागे फेकलेलं पाणी नळकांड्यातून वळून सरळ तळाकडे जातं आणि थोड्याच वेळात वाळूत मोठा खड्डा पडतो. तिथली मंडळी या साधनाला मेलबॉक्स म्हणतात. बुडालेल्या जहाजांचा शोध घेणाऱ्या मेल फिशरनं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बनवलं, तेव्हा हेतू वेगळाच होता. तळाशी पाणी गढूळ असे, पाणबुड्यांना हातभर अंतरावरचं दिसत नसे, म्हणून वरचं नितळ पाणी खाली ढकलावं एवढाच विचार त्यामागे होता. त्या पाण्यानं वाळूही उडते हे वापरताना लक्षात आलं. १९६४ च्या मे महिन्यात फोर्ट पिअर्सजवळ अशाच एका खड्ड्याच्या तळाशी हजारावर सोन्याची नाणी मिळाली. १७१५ च्या वादळात बुडालेल्या स्पॅनिश ताफ्यातली ती नाणी होती.

हे साधन दुकानात तयार मिळत नाही. प्रत्येक बोटीच्या पंख्याचा व्यास वेगळा, मागच्या फळीचा उतार वेगळा, इंजिनाची ताकद वेगळी. म्हणून ते किनाऱ्यावरच्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये मापं घेऊन बनवावं लागतं. उचलण्याच्या चौकटी, कप्प्यांचे खांब, पाणबुड्यांच्या शिड्या, वाळू उपसणारे पाइप, अशी बुडालेल्या मालावर काम करणाऱ्यांची बहुतेक सामग्री याच रीतीनं घडते. आणि शेडमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो: लोखंडात करू, अॅल्युमिनियममध्ये करू की एसएसमध्ये? त्या प्रश्नाला वाहिलेल्या पुस्तकाची ही प्रस्तावना आहे. हा प्रश्न विचारण्याची नेहमीची रीत मला अपुरी वाटते, आणि ती का अपुरी वाटते ते इथं मांडायचं आहे. कोणता धातू मजबूत, कोणता न गंजणारा, एवढं विचारून भागत नाही. समुद्राच्या पाण्यात धातू एकटा नसतो. त्याच्या शेजारी कोण आहे, त्याचं आपल्या शेजाऱ्याशी क्षेत्रफळाचं प्रमाण काय, आणि बिघडल्यावर त्याला कोण हात लावणार, यावर त्याचं आयुष्य ठरतं.

धातूंची सर्वांत मोठी परीक्षा समुद्रानं स्वतःच घेऊन ठेवली आहे. ‘नुएस्त्रा सेन्योरा दे आतोचा’ हे स्पॅनिश जहाज १६२२ च्या सप्टेंबरमध्ये फ्लोरिडाच्या दक्षिणेकडच्या बेटांजवळ चक्रीवादळात बुडालं. फिशरच्या माणसांना त्याचा मुख्य साठा २० जुलै १९८५ रोजी सापडला. साडेतीनशेहून अधिक वर्षं एकाच खाऱ्या पाण्यात राहिलेले धातू तिथून वर आले. सोनं जसंच्या तसं होतं. कांस्याच्या तोफांवरची अक्षरं वाचता येत होती. चांदीवर काळा सल्फाइडचा थर चढला होता, आणि सुट्या नाण्यांपैकी कितीतरी एकमेकांना चिकटून ढेकळं झाली होती. लोखंडाच्या वस्तू वाळू-शिंपल्यांच्या टणक गोळ्यांत अडकल्या होत्या. अशा गोळ्यात पुष्कळदा वस्तूची नुसती पोकळी उरते. धातूशास्त्राच्या पुस्तकातला तक्ता इतक्या ठसठशीतपणे दुसरीकडे कुठं पाहायला मिळणार नाही. तरी त्यावरून ‘सगळं कांस्यात करा’ असा निष्कर्ष काढता येत नाही. आपल्याला साडेतीनशे वर्षं टिकणारी वस्तू नको आहे. काही हंगाम टिकणारी, उचलता येणारी आणि परवडणारी हवी आहे.

शेजाराची गोष्ट जगाला पहिल्यांदा नीट कळली ती ब्रिटिश नौदलाच्या ‘अलार्म’ या जहाजावर. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून बचाव व्हावा म्हणून १७६१ मध्ये त्याच्या तळाला तांब्याचा पत्रा मारला. दोन वर्षांनी पाहणी केली तेव्हा पत्रा ठीक होता, पण तो धरून ठेवणारे लोखंडी खिळे बहुतेक ठिकाणी खाऊन गेले होते. काही खिळे मात्र शाबूत होते. पत्र्याच्या वेष्टनाचा तपकिरी कागद काढायचा राहून गेला होता. ज्या खिळ्यांच्या आणि तांब्याच्या मध्ये तो कागद आला, ते वाचले. आज आपण नायलॉनचं बुश किंवा रबराचं वॉशर घालतो, तेच काम तिथं एका कागदाच्या कपट्यानं केलं. १७६३ च्या अहवालात हे लिहिलेलं आहे. तांबं आणि लोखंड खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की विजेचा घट तयार होतो आणि त्यात लोखंड झिजतं, याची उपपत्ती मात्र व्होल्टाच्या घटानंतरच सांगता आली.

साठ वर्षांनी हम्फ्री डेव्हीनं हेच सूत्र उलटवलं. तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे जोडले तर ते तुकडे झिजतात आणि तांबं वाचतं, हे त्यानं १८२४ मध्ये रॉयल सोसायटीपुढं दाखवून दिलं. आज प्रत्येक बोटीच्या तळाला बोल्टनं बसवलेले जस्ताचे ठोकळे हे त्याच प्रयोगाचं देणं. डेव्हीचा प्रयोग शास्त्र म्हणून यशस्वी झाला आणि नौदलाच्या दृष्टीनं फसला. तांबं झिजायचं थांबलं, म्हणजे पाण्यात विरघळायचंही थांबलं, आणि त्या विरघळणाऱ्या तांब्यामुळेच तळावर कालवं आणि शेवाळ धरत नव्हतं. वाचवलेल्या तांब्यावर भराभर जीव चिकटू लागले, जहाजं मंदावली आणि नौदलानं ही युक्ती सोडून दिली. एका जागी केलेला उपाय दुसऱ्या जागी काय बिघडवतो हे पाहिल्याशिवाय समुद्रातलं काम पुरं होत नाही, हे मी या प्रकरणावरून शिकलो.

आता पुन्हा त्या नळकांड्याकडे येऊ. नव्वद सेंटिमीटर व्यासाचं, सगळी वळणं धरून दोन मीटर लांबीचं एक नळकांडं घ्या. त्याला साधारण ५.६५ चौरस मीटर पत्रा लागतो. सहा मिलिमीटर जाडीच्या लोखंडी प्लेटमध्ये त्याचं वजन सुमारे २६६ किलो होतं. अॅल्युमिनियमची घनता लोखंडाच्या जवळजवळ एकतृतीयांश, म्हणून वजनही एकतृतीयांश होईल असा समज सर्रास आढळतो. तो खरा नाही. अॅल्युमिनियमचा ताठपणाही लोखंडाच्या एकतृतीयांशच असतो. पत्रा तितकाच ताठ हवा तर त्याची जाडी सुमारे १.४ पटीनं वाढवावी लागते, म्हणजे साडेआठ मिलिमीटर. मग वजन भरतं १३० किलो. निम्मंच म्हणा. तेही थोडं नाही. दोन नळकांड्यांत मिळून बोटीच्या मागच्या टोकावरचं पावणेतीनशे किलो वजन कमी होतं, आणि तीस-चाळीस फुटी बोटीचा मागचा भाग त्यानं किती दबायचा वाचतो हे तिच्या खलाशालाच विचारावं. पण हिशेब निम्म्याचा आहे, तिसऱ्या हिश्श्याचा नाही, हे माहीत असलेलं बरं.

वजनापेक्षा मोठा प्रश्न बळाचा आहे. पंखा पाणी मागे फेकतो तेव्हा बोट पुढे ढकलली जाते. नळकांडं तेच पाणी अडवून खाली वळवतं. म्हणजे पंख्याचं पुढे ढकलणारं जवळजवळ सगळं बळ नळकांड्यावर उलट दिशेनं येतं, आणि खाली जाणाऱ्या झोताचा धक्का त्याला वर उचलतो. हे दोन्ही जोर अखेर जाऊन बसतात बिजागरीच्या खिळीवर आणि आधाराच्या पट्ट्यांवर. पत्रा सहसा तुटत नाही. तुटते ती बिजागरी, किंवा तिच्या शेजारचा वेल्ड. त्यात कंपनं येतात. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला सहाशे फेरे घेत असेल तर सेकंदाला तीस ठोके होतात, तासाला एक लाख आठ हजार, आणि दहा तासांत दहा लाखांवर. लोखंडाला हवेत असताना एक सुरक्षित मर्यादा असते. ताण त्या मर्यादेच्या खाली असला तर कितीही ठोके बसले तरी तडा जात नाही. अॅल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही, ठोके मोजत ते थकत जातं. खाऱ्या पाण्यात लोखंडही ही सवलत गमावतं. म्हणून बिजागरीजवळ काटकोनी कोपरा ठेवू नये, वेल्डची रेघ जिथं सर्वांत जास्त वाकतं तिथं येऊ देऊ नये, आणि हंगाम चालू असताना आठवड्यातून एकदा तरी ती जागा घासून उजेडात पाहावी, असा माझा आग्रह आहे.

अॅल्युमिनियम घ्यायचं ठरलं तर ‘अॅल्युमिनियम’ एवढं सांगून भागत नाही. शेडमध्ये सहज मिळतं ते ६०६१. त्याला उष्णता-प्रक्रियेनं ताकद दिलेली असते, आणि वेल्डिंगची उष्णता लागली की वेल्डच्या दोन्ही बाजूंना ती ताकद निम्म्याच्या आसपास उतरते. नळ्या, खांब, बोल्टनं जोडायचे भाग यांच्यासाठी ते चांगलं. जिथं सगळं काम वेल्डवर उभं आहे आणि ते पाण्यात राहणार आहे, तिथं मॅग्नेशियम असलेली ५०८३ किंवा ५०८६ ही जात घ्यावी. वेल्डनंतर तिची ताकदही उतरते, पण इतकी नाही, आणि समुद्रात ती अधिक निभावते. मात्र इंजिनाच्या धुराच्या नळीला लागून, म्हणजे ६५ अंशांच्या वर सतत तापत राहील अशा जागी ती बसवू नये. तिथं वर्षानुवर्षं तापून तिच्या कणांच्या सीमांवर गंज चढतो. एक सूचना सर्वांत आधी सांगायला हवी: बोटीच्या तळाला लावायचा तांबंमिश्रित रंग अॅल्युमिनियमला कधीही लावू नका. अलार्मच्या खिळ्यांची कथा तुमच्या पत्र्यावर घडेल, आणि ती रंगाच्या आतून घडेल, दिसणारही नाही.

आता स्टेनलेस. या धातूवर लोकांचा भाबडा विश्वास आहे, आणि तो मला सर्वांत धोक्याचा वाटतो. स्टेनलेस पोलाद गंजत नाही, कारण त्याच्या अंगावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा असतो आणि तो ओरखडला तर हवेतल्या किंवा पाण्यातल्या प्राणवायूनं पुन्हा धरतो. जिथं प्राणवायू पोचत नाही तिथं तो धरत नाही. वॉशरखाली, रबराच्या गॅस्केटखाली, चिकटलेल्या कालवाखाली, अर्धवट वेल्डच्या खाचेत पाणी साचून राहतं आणि तिथं बारीक खोल खड्डे पडू लागतात. बाहेरून धातू चकचकीत दिसत असतो. ३०४ या जातीला समुद्रकाठी काही आठवड्यांतच तांबूस डाग पडतात. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असल्यानं ती जास्त टिकते, आणि वेल्ड करायचं असेल तर कमी कार्बनची ३१६एल घ्यावी. पण कायम बुडालेल्या, फटी असलेल्या कामात ३१६ सुद्धा दगा देते. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. बाजारात मॅंगनीज जास्त आणि निकेल कमी असलेलं २०० मालिकेतलं स्टेनलेस मुबलक मिळतं आणि तेही ‘एसएस’ याच नावानं विकलं जातं. त्याला लोहचुंबक चिकटत नाही, म्हणून चुंबक लावून पाहण्याची आपली घरगुती परीक्षा इथं निरुपयोगी ठरते. छोटी बॅटरी आणि रसायनाचा एक थेंब वापरून मॉलिब्डेनम आहे की नाही ते दाखवणारी किट स्वस्तात मिळते. ती शेडमध्ये असावी, आणि प्लेटबरोबर गिरणीचं तपासणी-पत्र मागून घ्यावं. विकणाऱ्याला राग आला तर येऊ द्यावा.

साध्या लोखंडाची बाजू घ्यायला फारसं कोणी नसतं, म्हणून मी घेतो. ते गंजतं, पण उघडपणे गंजतं. पूर्ण बुडालेलं, रंग न लावलेलं लोखंड वर्षाला एका पृष्ठभागावर साधारण एक दशांश मिलिमीटर झिजतं. हे आधी माहीत असल्यानं जाडीत तेवढी भर घालता येते. लाटांच्या उडत्या पाण्याच्या पट्ट्यात मात्र हा वेग कितीतरी वाढतो, कारण तिथं मीठ, ओल आणि हवा तिन्ही एकदम मिळतात. गोव्यातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. २००० च्या जूनमध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे खनिजवाहू जहाज कांदोळीच्या किनाऱ्याला लागलं, आणि दहा वर्षांहून अधिक काळ पर्यटकांच्या डोळ्यांदेखत भरती-ओहोटीत ते गंजत आणि वाळूत रुतत राहिलं. सारखी पाण्यात घालून बाहेर काढली जाणारी आपली सामग्री या पट्ट्यातच जगते. म्हणून लोखंडाच्या कामाला गरम जस्ताचा मुलामा, वर एपॉक्सीचा रंग आणि रोज संध्याकाळी गोड्या पाण्यानं धुणं लागतं. एवढं केलं की लोखंडाला तोड नाही, याचं कारण दुरुस्ती. साधा जनरेटर, वेल्डिंगचा रॉड आणि बरा हात असला की ते कुठल्याही बंदरात, गरज पडली तर बोटीवरच जोडता येतं. अॅल्युमिनियमला आर्गॉन वायू लागतो, वारा चालत नाही, आणि पृष्ठभाग आरशासारखा स्वच्छ लागतो. आपल्या बंदरात अॅल्युमिनियमचा चांगला वेल्डर नसेल तर मी अॅल्युमिनियम सुचवणार नाही.

वजन उचलणाऱ्या भागांना वेगळा नियम आहे. कड्या, शॅकल, तारदोर यांच्यासाठी मला जस्ताचा मुलामा दिलेलं मिश्रपोलाद पसंत आहे. ते खराब होतं तेव्हा दिसतं. स्टेनलेसचा तारदोर टोकाच्या दाबलेल्या सॉकेटच्या आत, नजरेआड कुजतो आणि भार असताना अचानक सुटतो. अतिशय कडक पोलादाचे, १२.९ प्रतीचे बोल्टही जस्ताच्या ठोकळ्यांनी संरक्षण दिलेल्या बुडालेल्या कामात वापरू नयेत. संरक्षणाच्या त्याच क्रियेत धातूच्या पृष्ठभागावर हायड्रोजन तयार होतो, तो कडक पोलादात शिरतो आणि बोल्ट इशारा न देता तुटतो. डेव्हीच्या तांब्याचीच ही नवी आवृत्ती.

बोल्टची निवड किती दूरवर जाते याचं उदाहरण स्टॉकहोममध्ये उभं आहे. १६२८ मध्ये बुडालेलं ‘वासा’ हे जहाज १९६१ मध्ये वर काढलं, तेव्हा त्याचे मूळ लोखंडी बोल्ट गंजून गेले होते. त्या जागी पाच हजारांवर नवे पोलादी बोल्ट घातले. दमट लाकडात तेही गंजले. शिवाय लाकडात मुरलेल्या गंधकापासून आम्ल बनण्याला त्या लोखंडानं हातभार लावला. शेवटी २०११ पासून अनेक वर्षं खपून ते सगळे बोल्ट एकेक करून काढावे लागले आणि त्यांच्या जागी उच्च प्रतीच्या स्टेनलेसचे बसवावे लागले. १९६० च्या दशकातल्या कोणाचाही यात निष्काळजीपणा नव्हता. त्यांनी बोल्टची ताकद पाहिली, आणि भिजलेलं लाकूड हाही धातूचा शेजारीच आहे, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही.

निवडीत आणखी एक गोष्ट येते, ती गंजाशी नव्हे तर शोधाशी निगडित आहे. बुडालेलं लोखंड शोधायला मॅग्नेटोमीटर ओढत नेतात. फिशरबरोबर काम करणाऱ्या फे फील्डनं त्यासाठीचं यंत्र तयार केलं होतं. बोटीच्या स्वतःच्या लोखंडानं हे यंत्र बिथरतं, म्हणून ते लांब दोरीवर सोडतात. ते उतरवायची चौकट आणि कप्पी अॅल्युमिनियमची किंवा फायबरची करावी. लोखंडी नांगर आणि साखळ्याही त्या बाजूला रचू नयेत.

या साधनांच्या ताकदीबद्दल एक गोष्ट स्पष्टच सांगतो. नळकांड्यांचा झोत वाळू उडवतो तेव्हा वाळूत कोणती वस्तू कोणत्या वस्तूशेजारी पडली होती ही माहितीही उडवून टाकतो, आणि पुरातत्त्वाला तीच माहिती हवी असते. तो समुद्री गवतही उपटतो. १९९२ मध्ये फ्लोरिडाच्या कॉफिन्स पॅच भागात फिशरच्या बोटींनी गवताच्या पट्ट्यात शंभरावर खड्डे पाडले. १९९७ मध्ये न्यायालयानं त्याबद्दल साडेपाच लाख डॉलरहून अधिक भरपाई द्यायला लावली. तो निकाल योग्य होता असं मला वाटतं. जुनं, ऐतिहासिक जहाज असेल तिथं हे साधन उतरवूच नये. हवेच्या दाबावर चालणारा उपसा-पाइप आणि पाणबुड्याचा हात, एवढ्यावर काम करावं. नुकतीच बुडालेली होडी, सुटलेला नांगर, गाळात रुतलेलं इंजिन काढायचं असेल तिथं नळकांडं खुशाल वापरावं.

फिशरचा मुलगा डर्क, त्याची पत्नी आणि एक पाणबुड्या १९७५ च्या जुलैमध्ये दगावले, ते आतोचाच्या शोधावरच्या ‘नॉर्थविंड’ बोटीवर. रात्री नांगरलेली बोट आत पाणी शिरून कलंडली. म्हणून या पुस्तकात पत्र्याइतकीच जागा मी तळाच्या भोकांना, व्हॉल्व्हना आणि पाइपांच्या जोडांना दिली आहे. पाण्याच्या पातळीखाली साधं पितळ वापरू नये. त्यातलं जस्त निघून जातं, धातू गुलाबी आणि ठिसूळ होतो, आणि अशा व्हॉल्व्हचा दांडा एक दिवस हातात येतो. तिथं कांस्य हवं.

पुस्तकाची पहिली प्रकरणं पत्र्यांवर नाहीत, जोडांवर आहेत, ते याच विचारानं. वेगळे धातू भेटतील तिथं मध्ये नायलॉनचं बुश आणि वॉशर घाला. मोठा पत्रा सहज झिजणाऱ्या धातूचा आणि बोल्ट त्याहून कमी झिजणाऱ्या धातूचा असेल तर निभावतं, कारण झीज मोठ्या क्षेत्रावर पसरते. मोठा पत्रा स्टेनलेसचा आणि बोल्ट साध्या लोखंडाचे असा उलटा मेळ मात्र कधी करू नका. अॅल्युमिनियमचं नळकांडं, कांस्याचा पंखा आणि स्टेनलेसचा दांडा, हे तिघं पाण्यातून तर जोडलेले असतातच. बिजागरीतून आणि इंजिनातून ते धातूनंही जोडले गेले की घट पूर्ण होतो आणि अॅल्युमिनियम झिजायला लागतं. मध्ये अडथळा आहे की नाही ते साध्या मल्टिमीटरनं बोट कोरडी असताना पाहता येतं. बोट पाण्यात उतरवल्यावर चांदी-क्लोराइडचा संदर्भ-इलेक्ट्रोड पाण्यात सोडून दुसरं मोजमाप घ्यावं. लोखंडाच्या भागावर काटा उणे ०.८० व्होल्टच्या पलीकडे, म्हणजे आणखी उणे बाजूला, असेल तर जस्ताचे ठोकळे काम करताहेत. अलीकडे असेल तर ठोकळे कमी आहेत, रंगानं माखले आहेत किंवा त्यांचा बोल्ट सैल आहे. हे मोजमाप कसं घ्यायचं, कोणत्या वेळी घ्यायचं आणि वहीत कसं नोंदवायचं, तिथूनच पहिलं प्रकरण सुरू होतं.